नळदुर्गचा साहेब आणि सोलापूरचं दप्तर

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या खेपेची बरीचशी पत्रं एकाच माणसाभोवती फिरतात: फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६). एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी १८३९ साली लिहिणारा, दख्खनची रेखाटनं काढणारा, आणि १८५३ ते १८५७ नळदुर्गात बसून कारभार हाकणारा साहेब. त्याच्या निमित्तानं आलेली उत्तरं त्या काळातल्या इतर चित्रकार-लेखक अधिकाऱ्यांनाही बऱ्याच अंशी लागू पडतील.

प्रश्न: मेडोज टेलरचं छोटं चरित्र लिहायचं आहे. नळदुर्ग सोलापूरहून जेमतेम पन्नास किलोमीटर, म्हणून सोलापूरच्या जुन्या कागदांत आणि १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये शोधलं. त्याच्या नोकरीबद्दल हाती काहीच लागलं नाही. कुठून सुरुवात करावी? (एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर: शोध तुम्ही नीटच घेतलात, फक्त शेजाऱ्याच्या घरात घेतलात. त्या काळातल्या गोऱ्या माणसाचा माग काढताना ‘तो राहायचा कुठं’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, त्याचा पगार कुणाच्या तिजोरीतून निघायचा. कागद पगाराच्या मागोमाग जातात. सोलापूर मुंबई इलाख्यात होतं, नळदुर्ग निजामाच्या मुलखात. अंतर एका एसटीच्या तिकिटाचं, पण दप्तरं दोन वेगळ्या सरकारांची.

टेलरची नोकरी या नजरेनं मांडून बघा. पंधराव्या वर्षी तो मुंबईला आला तो एका व्यापाऱ्याकडं कारकुनीसाठी. १८२४ साली निजामाच्या फौजेत लागला. म्हणजे कंपनीच्या लष्करात भरती होणाऱ्या पोरांचे जे अर्ज लंडनला आहेत (ब्रिटिश लायब्ररी, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्‌स, मालिका एल/मिल/९), त्यांत तो सापडायचा नाही. पुष्कळ जण तिथंच दोन महिने घालवतात आणि ‘कागद गहाळ झाले’ असं लिहून मोकळे होतात. गहाळ काही झालेलं नसतं, ते तिथं कधी नव्हतंच.

१८४१ च्या सुमारास तो शोरापूर संस्थानात गेला, अल्पवयीन राजाच्या वतीनं कारभार बघायला. १८५३ साली निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गाकडचा मुलूख इंग्रजांकडं लावून दिला, आणि टेलर डेप्युटी कमिशनर म्हणून नळदुर्गाला आला. १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात हलवलं, १८५८ मध्ये पुन्हा शोरापूर, आणि १८६० साली तो मायदेशी परतला. त्याच साली नळदुर्ग निजामाला परत मिळालं. या सगळ्या काळात त्याचा वरिष्ठ हैदराबादचा रेसिडेंट (निजामाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी), आणि रेसिडेंटचा वरिष्ठ हिंदुस्थान सरकारचं परराष्ट्र खातं. कागदांची उतरंड तीच.

म्हणून पहिला मुक्काम दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, आणि तोही घरबसल्या. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर फुकट नोंदणी होते. शोधताना खातं ‘फॉरेन’ धरा, सालं १८५३ ते १८६०, आणि एका वेळी एकच शब्द टाका. ‘कॅप्टन फिलिप मेडोज टेलर’ असं पूर्ण नाव टाकलंत तर काही येणार नाही, कारण त्या काळच्या सूचीकारानं बहुतेक ठिकाणी नुसतं ‘कॅप्टन टेलर’ लिहिलेलं असतं. त्यापेक्षा गावाच्या नावानं शोधा. नळदुर्गाचं स्पेलिंग आज आपण ‘एन-ए-एल-डी-यू-आर-जी’ लिहितो. त्या काळचा कारकून ‘एन-यू-एल-डी-आर-डबल ओ-जी’ लिही, कधी ‘एन-ए-एल-डी-आर-यू-जी’. तुळजापूर ‘टी-डबल ओ-एल’नं सुरू होतं, विजापूर ‘बी-डबल ई-जे’नं. तिन्ही-चारी तऱ्हा वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक तऱ्हेनं स्वतंत्र शोध घ्या.

सापडलेल्या कागदाच्या चार गोष्टी तिथल्या तिथं टिपायच्या: खातं, शाखा, कन्सल्टेशनची तारीख, क्रमांक. यातली तारीख फसवते. कन्सल्टेशनची तारीख म्हणजे ते प्रकरण कौन्सिलपुढं नोंदलं गेलं तो दिवस. नळदुर्गाहून पत्र निघून हैदराबादमार्गे कलकत्त्याला पोचून नोंदलं जाईपर्यंत आठवडे, कधी महिने जात. घटनेची तारीख पत्राच्या आतून घ्या.

दुसरा मुक्काम हैदराबादेत तार्नाक्याचं तेलंगणा राज्य अभिलेखागार. तिथं फारसी-उर्दू वाचणारा सोबत असेल तरच जा, नाहीतर नुसती सूची बघून परत यावं लागेल. आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्राचं पुराभिलेखागार सगळ्यात शेवटी, तेही सरहद्दीच्या भानगडींसाठी: दरोडेखोर हद्द ओलांडून पळाले, रस्ता कुणी बांधायचा, १८५७ मध्ये सोलापूरच्या कलेक्टरला काय कळवलं, असे विषय. ओळखपत्र, एखाद्या संस्थेचं शिफारसपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज बरोबर ठेवा.

आता शोरापूर. आजचं सुरपूर, कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातलं. इंग्रजीत शोलापूर आणि शोरापूर यांत एका अक्षराचा फरक, ‘एल’ आणि ‘आर’. जुळाऱ्यानं चूक केली, सूचीकारानं केली, आणि आता जुनी छपाई वाचणारी संगणकाची यंत्रणाही इमानेइतबारे तीच करते. त्यामुळं ‘टेलर सोलापूरला पोलिटिकल एजंट होता’ असं वाक्य जागोजागी भेटतं. पारखायची खूण सोपी आहे. मजकुरात राजा, राणी किंवा बेडर (तिकडची लढाऊ जमात) हे शब्द असतील आणि साल १८४१ ते १८५३ मधलं असेल, तर ते शोरापूरच. सोलापुरात तेव्हा कलेक्टर होता, राजा नव्हता.

प्रश्न: जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी कुठं मिळतील? वंशावळीच्या एका संकेतस्थळावर दोन ‘फिलिप मेडोज टेलर’ दिसतात. (एक वाचक, विजापूर रोड)

उत्तर: दोन दिसतात कारण दोन होते. बापाचं नावही तेच, लिव्हरपूलचा व्यापारी. हौशी वंशावळकार बापाच्या खात्यावर मुलाची पुस्तकं चढवतात, तेव्हा प्रत्येक नोंदीपुढं वय लिहून ताळा घ्या. आपला टेलर २५ सप्टेंबर १८०८ चा.

इंग्लंडात जन्माची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, त्यामुळं १८०८ चा जन्मदाखला मागवून पैसे घालवू नका. त्याआधीची नोंद चर्चच्या बाप्तिस्मा वहीत. घराणं सरकारी चर्च न मानणाऱ्या पंथांपैकी असेल तर त्या वह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आर.जी. ४ या मालिकेत बघाव्या लागतात.

हिंदुस्थानातल्या नोंदी इंडिया ऑफिसच्या ‘एन’ मालिकेत आहेत: एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. सोलापुरात पुरलेला साहेब एन/३ मध्ये. पण हैदराबाद-सिकंदराबादची छावणी मद्रासच्या पाद्र्यांकडं होती, म्हणून टेलरच्या संसाराचा शोध एन/२ मध्ये घ्यायचा. त्याची बायको मेरी ही हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची मुलगी. लग्नाचं साल एखाद्या पुस्तकातून उचलण्यापेक्षा ‘पामर’ आणि ‘टेलर’ या दोन्ही आडनावांनी सूची चाळा. वधूकडच्या आडनावानं शोधायचं लोक विसरतात आणि निम्म्या नोंदी तिथंच हुकतात.

‘फिबिस’ या, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा माग काढणाऱ्या संस्थेची सूची फुकट बघता येते, फॅमिलीसर्चची सूचीही फुकट. मूळ पानाची प्रतिमा हवी असेल तर फाइंडमायपास्टची वर्गणी भरावी लागते. आधी फुकटच्या सूचीतून साल आणि पान पक्कं करा, मग एक महिन्याची वर्गणी घेऊन सगळी पानं एकदम उतरवा. लंडनला आहेत त्या वह्या म्हणजे इथल्या चर्चमधून पाठवलेल्या नकला, हे लक्षात असू द्या. नक्कल करणारा दमला की आकडे हलतात. शिवाय आडगावी पाद्री वर्षातून एखादी फेरी मारायचा. त्यामुळं बाप्तिस्म्याची तारीख जन्मानंतर वर्ष-दोन वर्षांनीही पडते. तीच जन्मतारीख धरली की पुढचं सगळं गणित घसरतं.

मृत्यू १३ मे १८७६, फ्रान्समधल्या मेंतों या गावी. मृत्युपत्राचा शोध इंग्लंडच्या प्रोबेट कॅलेंडरमध्ये घ्या. ते १८५८ पासून वर्षवार छापलेलं आहे आणि ऑनलाइन बघता येतं. मृत्यूचं साल धरून पुढची दोन-तीन सालंही चाळा. त्या नोंदीत शेवटचा पत्ता आणि वारस-व्यवस्थापकाचं नाव असतं, आणि पुष्कळदा नातेवाइकांचा पुढचा धागा तिथूनच हाती लागतो.

प्रश्न: रद्दीत एक जुनं चित्र मिळालं. खाली ‘कॅप्टन मेडोज टेलर’ असं इंग्रजीत छापलंय. हे त्यानं नळदुर्गात असताना हातानं काढलेलं असेल का? (एक वाचक, बाळीवेस)

उत्तर: छापलंय म्हणताय तिथंच अर्धं उत्तर आलं. सोलापुरात एक सोय आहे: कापडातले धागे मोजायचा पिक ग्लास घरोघरी नाही तरी गल्लोगल्ली मिळतो. तो चित्रावर ठेवा, उजेड तिरका पाडा आणि आकाशाचा करडा भाग बघा. खडूनं ओढल्यासारखे विस्कळीत, ओबडधोबड कण दिसले तर शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफ. बारीक रेघांचं जाळं आणि कडेनं पत्र्यानं दाबल्याची चौकोनी खूण दिसली तर धातूच्या पत्र्यावरचं कोरीवकाम. आणि एकसारख्या ठिपक्यांच्या ओळी किंवा फुलासारखे रंगीत ठिपक्यांचे पुंजके दिसले, तर ते अलीकडच्या यंत्राचं छापील चित्र. ते एखाद्या कॅलेंडरातूनही आलं असेल.

मग चित्राखालच्या ओळी वाचा. डाव्या कोपऱ्यात नावापुढं ‘डेल.’ असेल तर त्यानं मूळ चित्र काढलं. उजवीकडं ‘लिथ.’ किंवा ‘ऑन स्टोन बाय’ असेल तर त्यानं ते दगडावर उतरवलं. ही बहुधा दोन वेगळी माणसं. मूळ रेखाटन इकडं उन्हात बसून केलेलं, दगडावरचं काम लंडनमध्ये दुसऱ्याच्या हातचं. त्यामुळं झाडं इंग्लंडच्या ओकसारखी दिसली तर त्याचा दोष मूळ चित्रकाराला देऊ नये. वरच्या कोपऱ्यात आकडा आणि डाव्या कडेला शिवणीची भोकं असतील तर ते पुस्तकातून सुटलेलं पान.

टेलरच्या दख्खनच्या रेखाटनांचं पुस्तक लंडनला १८३७ साली निघालं, त्याच्या नळदुर्गच्या नेमणुकीआधी सोळा वर्षं. तुमचं पान त्यातलं असेल तर नळदुर्गच्या मुक्कामाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. हुद्द्यावरूनही काळ ठरवता येतो, पण जपून. विजापूरच्या वास्तूंवरच्या १८६६ च्या ग्रंथात त्याच्या नावामागं अजून ‘कॅप्टन’च आहे, तर मृत्यूनंतर १८७७ साली आलेल्या आत्मचरित्रावर ‘कर्नल’. ‘सी.एस.आय.’ हा किताब त्याला १८६९ साली मिळाला. ती अक्षरं नावापुढं दिसली तर ओळ त्यानंतरची. आणि त्या विजापूरच्या ग्रंथातले फोटो टेलरचे नाहीत. ते बिग्ज आणि लॉक या अधिकाऱ्यांचे, टेलरनं फक्त इतिहासाचा मजकूर लिहिला. वास्तुशास्त्राच्या टिपा जेम्स फर्ग्युसनच्या. विक्रेते मात्र ‘टेलरचा फोटो’ म्हणून भाव सांगतात.

कागद उजेडापुढं धरा. पाण्याच्या खुणेत कागदगिरणीचं नाव आणि साल असलं तर चित्र त्या सालाआधीचं असूच शकत नाही. नंतरचं असू शकतं, कारण कागद पडून राहायचा.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं कागदात शिरलेलं प्लास्टिक परत निघत नाही. सेलोटेप आणि फेव्हिकोलही नको. फ्रेमच्या मागचा हार्डबोर्ड आम्लानं कागद तपकिरी करतो, तो काढून आम्लरहित पुठ्ठा घाला आणि काच चित्राला चिकटणार नाही इतकी फट ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला जुना कागद घडीवर मोडतो, म्हणून गुंडाळी न करता सपाट ठेवा, आणि उलगडायचाच असेल तर पावसाळी हवेत उलगडा.

प्रश्न: त्याचं आत्मचरित्र असताना एवढा खटाटोप कशाला? (एक वाचक, नळदुर्ग)

उत्तर: आत्मचरित्र वाचाच. नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीवरचा बंधारा, पाणीमहाल यांचं वर्णन हातात धरून किल्ल्यात फिरता येतं. पण ते आयुष्याच्या अखेरीस आठवणीतून लिहिलेलं आहे, आणि मृत्यूनंतर मुलगी ॲलिस हिनं छापायला दिलेलं. वीस-तीस वर्षांनी माणूस प्रसंग विसरत नाही, त्यांचा क्रम विसरतो. म्हणून प्रसंग तिथून घ्या आणि सालं दुसरीकडं पडताळा. पडताळायला उत्तम साधन म्हणजे त्यानं आपला नातलग हेन्री रीव्ह याला लिहिलेली पत्रं. पॅट्रिक कॅडेल यांनी संपादलेला तो संग्रह १९४७ साली ऑक्सफर्डनं काढला. पत्र त्याच आठवड्यात लिहिलेलं असतं, शहाणपण नंतर चढवलेलं नसतं. ज्या प्रसंगाबद्दल दोन्हीकडं लिहिलंय, तिथं समोरासमोर दोन रकाने आखून वाचा. फरक पडेल तिथंच तुमच्या चरित्राला मजकूर मिळेल.

लंडनच्या ‘टाइम्स’साठी तो १८४० ते १८५३ वार्तापत्रं पाठवायचा. ती निनावी छापली जात. दख्खनबद्दलचं प्रत्येक पत्र त्याच्या नावावर लावू नका. रीव्हच्या पत्रांत उल्लेख असेल किंवा तारीख आणि मुक्काम दोन्ही जुळत असतील तरच लावा.

त्याची ‘तारा’ ही १८६३ ची कादंबरी तुळजापूरच्या परिसरात घडते, म्हणून आपल्या भागातले लेख तिच्यातली वाक्यं ‘टेलर म्हणतो’ म्हणून देतात. ती कादंबरी सतराव्या शतकातली, पात्रं त्याच्या मनातली. घाट, देऊळ, वाटा यांच्या वर्णनासाठी वापरा, इतिहासासाठी नको. शोरापूरकडच्या शिळावर्तुळांबद्दलचं त्याचं १८५३ चं टिपण मात्र सरळ निरीक्षणाचं आहे. ते एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आलं. सोसायटीचं जुनं साहित्य ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर चाळता येतं.

प्रश्न: घरच्या मोडी कागदात ‘टेलर साहेब’ असं वाचलं. तारीख ‘छ ७ रजब, सन अर्बा खमसैन मयातैन व अलफ’. साल कसं काढायचं? (एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर: हा सुहूर सन. शब्द एककापासून वर चढतात: अर्बा ४, खमसैन ५०, मयातैन २००, अलफ १०००. बेरीज १२५४. सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं. मृग ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग असेल तर ६००. ‘छ’ म्हणजे मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख. त्या वर्षी रजब मार्चच्या अगदी अखेरीस लागला, म्हणून ६०० मिळवायचे: १८५४, एप्रिलचा पहिला आठवडा. टेलर तेव्हा नळदुर्गात होता, कागद जुळतो. फसली सनही दिला असेल तर तो सुहूरपेक्षा नऊनं जास्त, म्हणजे १२६३ यायला हवा. नाही आला तर एखादा शब्द चुकीचा वाचलाय. बहुतेक वेळा चूक खमसैन (५०) आणि खमस (५) यांच्यात होते.

नावाचं वाचन पुन्हा एकदा तपासा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, त्यामुळं परकं नाव ओळीच्या शेवटी दुभंगलं की त्याचं काहीही होतं. त्याच हातानं त्याच कागदात दुसऱ्यांदा लिहिलेलं नाव शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न: टेलरची कबर नळदुर्गात की सोलापूरच्या जुन्या गोऱ्या कबरस्तानात? (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर: दोन्हीकडं नाही. १८७५ साली तो हैदराबादेला येऊन गेला, तिथं आजारी पडला आणि परतीच्या वाटेवर मेंतोंला वारला. ‘टेलर’ नाव कोरलेला दगड इथं कुठं दिसलाच तर तो दुसरा टेलर. तरीही पूर्ण मजकुराचा फोटो घ्या, सकाळच्या तिरक्या उन्हात. दगडावर खडू किंवा चुना घासून अक्षरं उठवू नका, दगडाचा पापुद्रा सुटतो. दक्षिण आशियातल्या अशा कबरींची नोंद ठेवणारी ‘बाक्सा’ ही संस्था १९७६ पासून काम करते. त्यांच्या याद्यांत तो दगड आहे का ते विचारा.

प्रश्न: शाळेच्या स्मरणिकेत त्याचं चित्र छापलं तर हक्काचा प्रश्न येईल का? (वरील शिक्षिका)

उत्तर: भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. टेलर १८७६ ला गेला, तेव्हा त्याच्या चित्राला आणि मजकुराला अडचण नाही. मात्र एखाद्या संग्रहालयाकडून चित्राची प्रतिमा मागवली असेल तर ती देताना त्यांनी घातलेल्या अटी तुमच्यावर लागू राहतात. त्या वाचा, किंवा स्वतःच्या प्रतीचा फोटो काढून तो छापा. चित्राखाली पुस्तकाचं साल आणि पान क्रमांक द्या, आणि दगडावर उतरवणाऱ्याचं नाव छापलेलं असेल तर तेही.